रजा कुणाकडे मागायची?

"साहेब, माझ्या नावापासून दोन रेघा निघाल्यात. रजा नेमकी कुणाकडे मागायची?"

नवा ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारा तक्ता, स्क्रीनवर आला आणि स्टोअरमधल्या काकांनी विचारलं. एक रेघ प्लँट हेडकडे, दुसरी तुटक, हेड ऑफिसच्या सप्लाय चेनकडे. सगळे हसले. मला नाही हसू आलं.

मॅट्रिक्स रचनेत, म्हणजे एका माणसाला दोन साहेब असतात तिथे, हेच आधी ठरवायला हवं. साहेब दोन असू देत, पण कुठला निर्णय कुणाचा हे लिहून द्या. नाहीतर वाद वरच्यांचा आणि फरफट खालच्याची.

१८५५ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे मुख्य अधीक्षक डॅनियल मॅककॅलम यांनी रेल्वेचा असा तक्ता करवून घेतला, तो झाडासारखा होता. संचालक मंडळ खाली मुळाशी, प्रत्यक्ष काम करणारे वर फांद्यांवर! रोजचा कारभार त्या त्या विभागाच्या अधीक्षकाकडे.

तुमच्याकडे तक्ता काढताना स्टोअर-डिस्पॅचच्या माणसांना कुणी विचारतं का?