जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या शोमध्ये बघायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात नोव्हेंबरात क्लासिक मोटर शो भरतो. त्याचा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो: "तिथे सगळ्याच गाड्या चकाचक. फोटो काढून झाले की बघायचं काय?"

घरून निघतानाच एक मॉडेल ठरवून निघा. क्लबच्या स्टँडवर एकाच मॉडेलच्या चार-सहा गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि हीच शोची खरी श्रीमंती. एकीत जे बरोबर आहे, ते बघितलं की दुसरीत काय चुकलंय ते आपोआप डोळ्यांत भरतं.

उदाहरणाला एमजी कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घ्या. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात जीटी, म्हणजे पक्क्या छपराची आवृत्ती, धरून पाच लाखांवर बनल्या. आपल्या ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ज्या बी-सिरीजमधलं, त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं इंजिन हिच्यात आहे. ॲम्बॅसिडरखाली हात काळे केलेल्याला बोनेटखालचं बरंच काही ओळखीचं वाटेल. तरीही सुरुवात बोनेटपासून करू नका. आधी खाली वाका आणि दाराखालचा सिल, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ तुळई, बघा.

या गाडीला वेगळी चासी नाही, आणि उघड्या गाडीला छपराचाही आधार नाही. सगळा भार सिलवर. हा सिल तीन पत्र्यांचा असतो: बाहेरचा, मधला उभा पडदा आणि खालची कॅसल रेल. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या पोकळीत साठतो, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मिसळतं, आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेरून पत्ता लागतो तेव्हा मधला पडदा बहुतेक गेलेला असतो. मग काही जण सडलेल्या सिलवरच नवा पत्रा वेल्ड करून मोकळे होतात. दिसायला छान, पण ताकद शून्य.

हे ओळखायचं दाराच्या फटीवरून. मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्ये बसली आहे. सिल कापताना दाराच्या चौकटीला आडवा आधार दिला नाही की हेच होतं. मग खालून कॅसल रेल बघा. किल्ल्याच्या तटासारखे तिचे दाते असतात, त्यातून पाणी निचरतं. दात्यांऐवजी सपाट पट्टी किंवा डांबरी लेपाचा जाड थर दिसला तर मालकाला सिल कधी आणि कसा बदलला ते विचारा. काम नीट केलेला मालक उघडलेल्या पत्र्याचे फोटो आनंदाने दाखवतो. विक्रीच्या गाडीला परवानगी घेऊन मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लावता येतं; ते चिकटलं नाही तिथे पुट्टी आहे. दुसऱ्याच्या मिरवायला आणलेल्या गाडीला मात्र बोटही लावायचं नाही, आणि बॅगेची चेन, पट्ट्याचं बक्कल पत्र्याला घासू द्यायचं नाही.

आता बोनेट. १९६४ च्या अखेरीपर्यंत क्रँकला (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला) तीन बेअरिंग होती, नंतर पाच झाली. इंजिन नंबरची सुरुवात १८जीबी असेल तर पाचवालं. शेजारी एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर दिसतील. त्यांच्या डोक्यावरच्या टोपीखाली डँपर असतो आणि त्यात २० ग्रेडचं ऑइल लागतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर कार्ब्युरेटरमधला पिस्टन एकदम वर उसळू नये, क्षणभर मिश्रण घट्ट मिळावं, यासाठी ते ऑइल. ते आटलं की पिकअप घेताना इंजिन आचके देतं आणि लोक उगाच इग्निशनच्या मागे लागतात. मालकाला विनंती करा: बंद इंजिनावर हा पिस्टन उचलून सोडला की तो 'टक' आवाज करत खाली बसला पाहिजे. अडकला तर जेट (पेट्रोलची नळी) मधोमध नाही किंवा आत घाण आहे.

वायरिंगचा एकच मुद्दा सांगतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. अशा गाडीत आजचा रेडिओ सरळ जोडला तर तो जळतो. नंतर निगेटिव्ह करून घेतलेल्या गाडीवर तशी चिठ्ठी चिकटवलेली असावी.

तारांच्या चाकांत हबचे दाते बघायला मिळाले तर जरूर बघा. माथा सपाट असेल तर ठीक. टोकदार झालेले म्हणजे झिजलेले, आणि मग रिव्हर्सवरून पुढे निघताना मागून 'ठक' असा आवाज येतो. मधला नट गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने ठोकला की सुटतो. दोन्ही बाजूंचे आटे म्हणूनच उलटसुलट असतात.

खरेदीच करायची असेल तर सप्टेंबरात हँपशरमधल्या ब्यूलीचा ऑटोजंबल गाठा. तिथे मैदानभर सुटे भाग मांडलेले असतात. सोबत व्हर्निअर, आटे मोजायचं गेज आणि टॉर्च हवा. नुसत्या पान्याच्या मापावर बोल्ट घेऊ नका: एमजी टीसी या जुन्या मॉडेलच्या इंजिनात आटे मेट्रिक, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, एमजीबीत बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. जुना एसयू हातात आला की थ्रॉटलची दांडी वर-खाली हलवून बघा. खेळ लागला तर तिथून हवा शिरणार आणि आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही. नवी दांडी आणि बुश यांचा खर्च धरूनच भाव करा.