डोडोनाचा झ्यूस अन् शिशाच्या पट्ट्या

झ्यूस म्हटलं की सगळ्यांना वीज फेकणारा ग्रीक देवांचा राजा आठवते, पण मले त्याचं डोडोनाचं ठाणं लय जवळचं वाटते. वायव्य ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरात हे ठाणं, अन् तिथं मोठं देऊळ नव्हतं तेव्हापासून ओकच्या झाडाची मान्यता होती, पानांच्या सळसळीतून देव बोलते असं लोक मानायचे. तिथले पुजारी पाय न धुता भुईवरच झोपायचे, असं जुन्या ग्रीक कवी होमरच्या इलियड महाकाव्यात आहे.

खरी गंमत त्या शिशाच्या पट्ट्यांची. लोक देवाला प्रश्न विचारायचे, ते पातळ पट्टीवर कोरून घडी घालायचे, खोदकामात अशा हजारो सापडल्या. एकजण विचारते मेंढ्या पाळल्या तर परवडंल का, एकाच्या गोधड्या-उशा गेल्या तर त्या बाहेरच्यानं चोरल्या का, अन् एकाला जाणून घ्यायचं की अन्नुलाच्या पोटातलं लेकरू त्याचंच आहे का! आमच्या गावात मारोतीला कौल लावणारे बी हेच विचारतात ना बाप्पा, बैल घेऊ का, पोरीचं जमंल का.

झ्यूसच्याच ऑलिम्पियाच्या ठाण्यात वेगळाच थाट. बळी दिलेल्या जनावरांच्या मांड्यांची राख अल्फिओस नदीच्या पाण्यात कालवून वेदी रचायची, ती वाढत वाढत 22 फूट झाल्याचं जुना ग्रीक प्रवासी लेखक पॉसेनियस सांगते.

अन् पाऊसही झ्यूसच पाडायचा. अथेन्सजवळच्या हायमेटस डोंगरावर त्याची वेदी होती, तिथं ढग जमले की पाऊस येणार असं धरायचे. मृग कोरडा गेल्यावर वावरात उभं राहून आभाळाकडं पाहणाऱ्याला हे कोणी समजावून सांगाव लागत नाही.