तुम्ही विचारलंत म्हणून: वाडी अजून का विकली नाही?

लग्नात भेटलेले नातेवाईक विचारतात, विरार लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बायका विचारतात. दोन-तीन महिन्यांनी गाडी घेऊन येणारे एजंट तर विचारतातच. "एवढा भाव आलाय ताई, वाडी अजून ठेवलीय कशाला?" दर वेळी काहीतरी तुटक बोलून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

वाडी तीस गुंठ्यांची, वसईच्या पश्चिमेला, निर्मळजवळ. नारळ, थोडी राजेळी केळी, बाकी सोनचाफा, तगर, जास्वंद. फुलं पहाटेच्या गाडीने दादरला जातात. खर्च वजा जाता हातात फार उरत नाही, हे कबूल. एजंट चौरस फुटांत बोलतो. एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, गुणिले तीस, गुणिले भाव. हा हिशेब त्याने मोबाईलवर करून दाखवला तेव्हा मीसुद्धा गप्प झाले होते. पैसा मलाही लागतो.

पण वाडीच्या खालच्या कोपऱ्यात आमचं बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं लहान तळं. वसईबाहेरच्यांना ते डबकं वाटतं. आमच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. तिन्ही बाजूंनी खारं पाणी असताना विहिरी गोड कशा, तर पावसाचं पाणी बावखलांत साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगून राहतं. किनाऱ्यालगतच्या जमिनीचा ढोबळ हिशेब असा की वरची गोडी पातळी एक फूट उतरली, तर खालचं खारं पाणी चाळीसेक फूट वर चढतं. आजोबांना हा आकडा माहीत नव्हता. "विहीर तळापर्यंत ओरबाडायची नाही," एवढंच ते सांगायचे. रहाट होते तोवर ओरबाडणं शक्यही नव्हतं. मग पंप आले. मग इमारतींसाठी विहिरींचं पाणी टँकरने जायला लागलं, आणि बावखलं भरून त्यांवर घरं उठली.

आमच्या पलीकडची वाडी अशीच गेली. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. मुलीचं लग्न होतं, कर्ज होतं. जागा ताब्यात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिथलं बावखल मातीने बुजवलं गेलं. दोन वर्षांनी शेजारचे काका आले आणि म्हणाले, "आमच्याकडे डाळ शिजत नाही गं." पाणी मचूळ झालं होतं. सातबाऱ्यावर त्या वाडीत काकांचा काडीचा हक्क नव्हता, पण त्यांच्या विहिरीचं पाणी तिथूनच येत होतं. माझं उत्तर मला त्या दिवशी सापडलं. तीस गुंठे माझ्या नावावर आहेत, पण त्याखालचं पाणी माझ्या एकटीचं नाही. मी सही केली तर आणखी चार घरांची डाळ शिजायची थांबेल.

हे एकटीने सांभाळून भागत नाही, हेही खरं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथली जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर हरित वसईसाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, त्यांत माझी आईही होती. या पट्ट्यात आज जी हिरवळ उरली आहे, त्यात त्या लोकांचा मोठा वाटा आहे असं मी मनापासून मानते. २००९ मध्ये महापालिका झाली, त्यानंतरही गावं वगळा म्हणून लोक भांडले. आणि जुलै २०१८ च्या पावसात लोकल बंद पडल्या, मिठागरात अडकलेली माणसं बाहेर काढावी लागली. पाणी मुरायची जागा बुजवली की ते घरात शिरतं, एवढं तरी त्या आठवड्यात सगळ्यांना दिसायला हवं होतं.

मुलगा अंधेरीला नोकरी करतो. पुढे तो वाडी करेल का, हा प्रश्नही लोक विचारतात. त्याला मी बांधून ठेवणार नाही. सध्या एक जोडपं निम्म्या वाट्याने फुलं करतं, आणि रविवारी मुलगा पंपाचं बघतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही बावखलातला गाळ काढला. काकांनी दोन माणसं दिली, मजुरी त्यांनीच भरली. पाऊस ओसरल्यावर त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. "अजून मचूळ आहे," म्हणाले, "पण कमी." या मे महिन्यात आंब्याखालचा कोपरा उपसायचा आहे.