मुरूम, पाचोळा आणि मोडलेला काटा

पोलीस भरतीच्या तयारीत माझ्या दोन्ही नडग्या इतक्या दुखायच्या की रात्री पांघरुणाचा भारही सोसवायचा नाही. मुलींना भरतीत ८०० मीटर धावावं लागतं. मी रोज पहाटे जाड तळाचे बूट घालून डांबरी रस्त्यावर त्याच्या पाचपट धावायचे. भरती झाले नाही. धावणं सुटलं नाही, आणि नडग्यांचं दुखणंही सुटलं नाही.

मग मामाच्या गावी राहायला आले. गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावच्या जंगलाच्या कडेला. मामाने मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण, सगळं अनवाणी पायांनी आणलं. एके सकाळी मी धावून आले तर तो म्हणाला, "पोरी, तू येतेस ते दोन बांध्या पलीकडून ऐकू येते. पाय आपटतेस काहून? ठेव ना."

त्याच दिवशी बूट काढून अंगणापासून पांदणीपर्यंत धावून बघितलं. बूट होते तोवर टाच आधी आदळायची. अनवाणी तसं एकदाच केलं आणि डोक्यापर्यंत झटका गेला. पुढचं पाऊल आपोआप चवड्यावर पडलं, टाच मागून अलगद टेकली. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या गटाने २०१० मध्ये नेमकं हेच मोजलं होतं. सवयीने अनवाणी धावणारे बहुतेक चवड्यावर उतरतात आणि टेकताना बसणारा तो पहिला दणका त्यांना जवळजवळ बसतच नाही. मला ते वाचायच्या आधी मामाच्या अंगणात कळलं.

पण मी एक चूक केली. तळव्याची कातडी जाड झाली की झालं, असं समजून चालले. तिसऱ्या आठवड्यात टोचणं कमी झालं, म्हणून एकदम पाच किलोमीटर धावले. दोन दिवसांनी उजव्या पायाचा वरचा भाग सुजला, बोट ठेवलं तरी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, पायाच्या लांब हाडांवर ताण आलाय, अजून धावली असतीस तर चीर गेली असती. सहा आठवडे विश्रांती. कातडी लवकर तयार होते, पोटऱ्या त्याहून उशिरा, आणि हाडांना महिनोन् महिने लागतात. एका पायात २६ हाडं, आणि इतकी वर्षं ती बुटाच्या आधाराने निवांत होती. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. त्याचं उदाहरण मी स्वतःला रोज द्यायचे. त्याचे पाय तीन आठवड्यांत तयार झाले नव्हते, एवढंच ध्यानात घेतलं नाही.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती पाच मिनिटांपासून, एक दिवस आड. पोटरी दुखत असेल त्या दिवशी नाही.

आमच्या वाटांवर सगळ्यात फसवा मुरूम. घट्ट बसलेला असेल तर छान, पण वर सुटे गोल खडे आले की पाय घसरतो. तिथे पावलं आखूड टाकायची, टोंगळे म्हणजे गुडघे सैल ठेवायचे आणि पायाने मागे ढकलायचं नाही, पाय नुसता वर उचलायचा. रगडलं की कातडी सोलते. फोडलेल्या गिट्टीवर मात्र चवड्यावर धावणं चूक, कारण सगळा भार दोन-तीन टोकांवर येतो. तिथे मी पूर्ण तळवा सपाट टेकवते, नाहीतर सरळ चालते. चालण्यात काही कमीपणा नाही. काही टोचलं की अंग ताठ होतं, आणि ताठ पायात ते जास्त रुततं. म्हणून टोचताक्षणी गुडघा वाकवून भार दुसऱ्या पायावर सोडायचा. मला हे जमायला एक हिवाळा लागला.

डिसेंबरच्या दवात तळवे बधिर होतात तेव्हा मी धावत नाही. काही कळत नाही आणि घरी येऊन बघावं तर रक्त. मामाचा तळवा चामड्यासारखा आहे, तरी धुऱ्यावरचा बारीक खडासुद्धा त्याला जाणवतो. केनियातल्या लोकांवरचा २०१९ चा अभ्यास 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, त्यातही हेच होतं: घट्टे जाड झाले तरी चालताना तळव्याची जाणीव कमी होत नाही. ज्यांना साखरेच्या आजाराने पायात मुंग्या किंवा बधिरपणा आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये, हे मी कळकळीने सांगते.

फेब्रुवारीपासून सागाचा पाचोळा पडतो. एकेक पान ताटाएवढं, खाली काय आहे ते दिसत नाही. त्याच सुमारास तेंदूची झुडपं बुडाशी छाटतात, नवी पालवी चांगली यावी म्हणून, आणि तिरपे टोकदार खुंट राहतात. कापलेल्या बांबूचे खुंट त्याहून वाईट. मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि वरून विझलेल्या दिसणाऱ्या राखेत विस्तव असतो. तेव्हा मी जंगलवाट सोडून गाडीच्या चाकोरीनेच धावते.

पाचोळ्यातच मला बाभळीचा काटा लागला, टाचेच्या कडेला. घाईने आडवा ओढला आणि आत मोडला. मामीने बिब्बा तापवून आणला. मी नको म्हटलं, बिब्ब्याचं तेल चांगल्या कातडीवरही फोड आणतं. सुईने उकरलं, थोडं निघालं, सगळं निघालं असं वाटलं. महिन्याने तिथे कुरूप झालं, पाऊल टाकलं की खडा रुतल्यासारखं. शेवटी दवाखान्यात जागा बधिर करून कापलं, तेव्हा तिळाएवढं काळं टोक निघालं. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यायचं राहिलं होतं, ते तेव्हाच घेतलं. आता कमरेच्या पिशवीत चिमटा आणि सुई असते. काटा ज्या रेषेत आत गेला त्याच रेषेत मागे ओढते, बसून, उजेडात.

एकटी मी जंगलाकडे जात नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि वाघ हद्द बघून फिरत नाही. पूर्ण उजाडल्यावर, मामेभावासोबत, गावाच्या कडेकडेने. पावसाळ्यात घोणस आणि मण्यारीच्या भीतीने बूट घालते. लोक उघड्यावर बसतात त्या ओल्या मातीत तर पायच ठेवत नाही, हूकवर्म नावाचा जंत तळव्यातून शिरतो.

दोन वर्षं झाली, नडग्या दुखत नाहीत. परवा पांदणीतून धावत अंगणात आले तेव्हा मामा पाठमोरा बसून दोर वळत होता. मी अगदी मागे जाऊन उभी राहिले, माझी सावली दोरावर पडली, तेव्हा त्याने मान वर केली.