अकरा न्यायाधीश कमी पडले

अरब देशांतल्या सत्तांतरांविषयी बोलणं निघालं की हा प्रश्न येतोच: ट्युनिशियाची 2014 ची राज्यघटना जगाने डोक्यावर घेतली होती, 217 जणांच्या घटनासमितीत ती 200 मतांनी मंजूर झाली होती, मग एका अध्यक्षाने ती गुंडाळली कशी? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विचारणाऱ्याला बहुधा धर्मवादी विरुद्ध सेक्युलर असं उत्तर हवं असतं. ते भांडण होतंच. पण माझ्या मते घटना मोडली ती त्याहून रुक्ष जागी, नेमणुकांच्या कलमात.

आधी कलम 80 बघा. देशावर संकट आलं तर अध्यक्षाने पंतप्रधान आणि सभापतींचा सल्ला घ्यावा, घटना न्यायालयाच्या (घटनेचे वाद निकाली काढणाऱ्या न्यायालयाच्या) अध्यक्षांना कळवावं आणि मग विशेष अधिकार वापरावेत. त्या काळात संसद बरखास्त करता येत नाही, तिचं अधिवेशन चालूच राहतं. 30 दिवसांनी सभापती किंवा 30 खासदार न्यायालयात जाऊन ‘संकट अजून आहे का’ असं विचारू शकतात. निकाल 15 दिवसांत. तरतूद चोख होती. न्यायालय मात्र स्थापनच झालं नव्हतं.

बारा न्यायाधीश नेमायचे होते: संसदेने चार, न्यायमंडळाने (न्यायव्यवस्थेचा कारभार पाहणाऱ्या परिषदेने) चार, अध्यक्षाने चार. 2014 च्या निवडणुकीनंतर वर्षभरात हे व्हायला हवं होतं, पण त्यासाठीचा कायदाच डिसेंबर 2015 मध्ये आला. शिवाय त्यात नेमणुका क्रमाने करायच्या होत्या. म्हणजे संसदेचे चार ठरेपर्यंत बाकी दोघांनी थांबायचं. संसदेत एकेका नावाला दोन तृतीयांश, म्हणजे 145 मतं लागत. सेक्युलर पक्ष निदा तुनिस 86 आणि धर्मवादी पक्ष एन्नाहदा 69, सत्तेतल्या या दोघांचीच बेरीज 155 होती! तरी जमलं नाही. निदा तुनिस फुटला आणि एकमेकांची नावं पाडणं सुरू झालं. मार्च 2018 मध्ये एक नाव पार झालं, ते शेवटचं. 2019 च्या संसदीय निवडणुकीनंतर तर सर्वांत मोठ्या पक्षाकडेच 52 जागा उरल्या.

धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. जुलै 2019 मध्ये अध्यक्ष एसेब्सी पदावर असताना वारले. पद रिक्त झाल्याचं घटना न्यायालयाने जाहीर करायचं होतं. ते नसल्यामुळे वेळ कशीबशी निभावून नेली. 2021 मध्ये संसदेने क्रमाची अट काढून बहुमत तीन पंचमांशावर आणलं, तेव्हा अध्यक्ष कैस सईद यांनी सही नाकारली. मुदत उलटून गेली, आता न्यायालय नेमताच येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. सईद स्वतः घटनाशास्त्राचे प्राध्यापक, हे विसरू नका.

25 जुलै 2021 ला त्यांनी कलम 80 चाच हवाला देऊन पंतप्रधानांना काढलं आणि संसद गोठवली. आपला सल्ला घेतलाच नाही, असं सभापती घन्नुशी म्हणाले. पण दाद मागणार कुठे? 30 दिवस सरत आले तेव्हा ‘पुढील सूचनेपर्यंत’ मुदतवाढ झाली. मार्च 2022 मध्ये खासदारांनी ऑनलाइन बैठकीत सईद यांचे हे हुकूम रद्द ठरवले, आणि त्याच दिवशी संसद बरखास्त झाली.

मग 25 जुलै 2022 चं नव्या घटनेवरचं सार्वमत. सुमारे 30 टक्के मतदान, त्यात जवळपास 95 टक्के ‘हो’. किमान मतदानाची अटच नव्हती. मसुदा समितीचे प्रमुख सादिक बेलाईद यांनी तर हा आपला मसुदाच नव्हे म्हणून हात झटकले होते. नव्या घटनेतही घटना न्यायालय आहे, आता नऊ जणांचं, सगळे ज्येष्ठतेने येणारे न्यायाधीश. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत तेही बसलं नव्हतं. त्या निवडणुकीत प्रशासकीय न्यायालयाने (सरकारी निर्णयांविरुद्धचे खटले ऐकणाऱ्या न्यायालयाने) बाद ठरवलेल्या तीन उमेदवारांना परत घ्यायचा आदेश दिला. निवडणूक आयोगाने तो धुडकावला, आणि मतदानाला जेमतेम नऊ दिवस उरले असताना संसदेने निवडणुकीचे खटले त्या न्यायालयाकडून काढूनच घेतले.