फळी फुटेना तेव्हा

साताऱ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी तायक्वांदो शिकवतो. गेल्या रविवारी बेल्ट टेस्ट होती, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय.

बॅचमधली एक मुलगी, १३ वर्षांची, ग्रीन बेल्ट. क्योरुगीत म्हणजे फाईटमध्ये एकदम तेज, डोल्यो चागी (गोल फिरवून मारलेली किक) कधी येऊन हेडला लागली ते समोरच्याला कळतसुद्धा नाही, आणि हेडचे ३ पॉइंट, बॉडीचे २, त्यामुळे मॅच तिचीच. पूमसेला, म्हणजे एकट्याने करून दाखवायच्या ठरलेल्या हालचालींना, तेगुक सा जांग (चौथी मालिका) होता, त्यात लागोपाठ दोन योप चागी, म्हणजे बाजूला मारायच्या किक, येतात, दुसऱ्या किकला जरा तोल गेला पण चाललं. मग क्युकपा, म्हणजे फळी फोडणं. पाइनची अर्धा इंची फळी, तीच योप चागी मारायची, दोन सिनियर मुलं दोन बाजूंनी धरून उभी.

पहिली किक, फळी जशीच्या तशी. दुसरी, तरी तेच. टाच लाल झाली, डोळे भरून आले, मागे पालक बसलेले, हॉलमध्ये चिडीचूप. मी ओरडतोय, "पाय ओढू नकोस गं, फळीच्या पलीकडे मार!" आणि तिचा पाय लागला की लगेच मागे येतोय, कारण फाईटसाठी मीच तिला तीन वर्षं तसं घोटून घेतलंय, मार आणि पाय परत आण.

तिसऱ्या वेळी मी जवळ गेलो तेव्हा दिसलं. लाकडाच्या रेघा आडव्या होत्या. हात डावी-उजवीकडे असले तर रेघा उभ्याच पाहिजेत, नाहीतर मोठ्या माणसालाही ती फळी जड जाते. धरणाऱ्या मुलांना हे मी कधी शिकवलंच नव्हतं, आणि तपासायचं काम माझं होतं. मेडल फाईटमध्ये मिळतं म्हणून बाकी सगळं टेस्टच्या आधीच्या आठवड्यात उरकायची सवय लागलेली, तिचा त्रास त्या पोरीच्या टाचेला झाला.

सगळ्यांसमोर तिला म्हणालो, चूक माझी आहे बाळा. फळी फिरवली, पाच मिनिटं बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं मारतेस का. मान हलवली. किहाप, म्हणजे मारतानाची आरोळी, इतका मोठा दिला की मागचं एक लहान पोर दचकलं, आणि फळी मधोमध, सरळ रेघेत.

दोन्ही तुकडे ती घरी घेऊन गेली.

आता बुधवारी फाईट बंद, फक्त पूमसे आणि फळी, आणि धरायची पाळी प्रत्येकाची. एका पालकांचा फोन आला, सर डिस्ट्रिक्ट स्पर्धा जवळ आलीये आणि हे काय मधेच. म्हटलं, बुधवारी या, तुमच्याच हातात फळी देतो.