आठ दिवसांची ऑफिसवारी

अमेरिकेतून ऑफिसच्या कामाला पुण्यात जायचं ठरलं की घरचे आठ दिवस धरतात, ऑफिस पाच धरतं आणि धड हाताला लागतात तीन-चार. बाकीचे झोप खाते.

उन्हाळ्यात कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असतो, हिवाळ्यात साडेतेरा. उन्हाळ्यात पुण्यात दुपारचे तीन वाजलेले असतात तेव्हा शरीराच्या लेखी रात्रीचे अडीच. म्हणून सोमवार-मंगळवारी दुपारी महत्त्वाची मीटिंग घेऊच नये, आणि जेवायला आमरस-पुरी असेल तर मुळीच नाही. सकाळी दहाची वेळ मागून घ्यावी. तेव्हा शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ असतात, डोकं चालतं. पहाटे साडेतीनला जाग येणारच. तिकडे तेव्हा दुपारचे तीन असतात, तिकडचे कॉल त्या वेळात उरकावेत. दुपारी डुलकी घ्यायचीच तर गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं. दोन तास झोपलात की ती रात्र गेली.

मुंबईहून पुण्याचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलं असेल तर बॅगा मुंबईतच ताब्यात घ्याव्या लागतात, आणि आंतरराष्ट्रीय तिकिटावरचे तेवीस-तेवीस किलो पुढे चालत नाहीत. देशांतर्गत इकॉनॉमीला साधारण पंधरा किलो, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. दोन मोठ्या बॅगा असतील तर सरळ टॅक्सी बरी, तीन-चार तास धरून.

परतीच्या तारखेचा घोळ मात्र नेहमीचा. शनिवारी रात्री दीडचं विमान म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला पुणं सोडायचं: चार तास रस्ता, तीन तास विमानतळ, एक तास घाटासाठी राखीव. कॅलेंडरवर ‘शनिवार’ बघून शुक्रवारी रात्री जेवायला बोलावणारे आणि हो म्हणणारे दोघंही चुकतात.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्यांनी निघण्याआधी पासपोर्टची मुदत बघावी. व्हिसा कितीही पुढचा असो, परतताना अधिकारी आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत राहायच्या परवानगीच्या नोंदीची, तारीख पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देऊ शकतो. उतरल्यावर आय-९४ वेबसाइटवर उघडून तारीख तपासावी. व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर आठ दिवसांत स्टॅम्पिंग (वकिलातीकडून नवा शिक्का) होईल या भरवशावर तिकीट काढू नये. आय-७९७ची (एच-वन-बीच्या मंजुरीपत्राची) मूळ प्रत, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि कंपनीचं पत्र हातातल्या बॅगेत. अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस पुढे एच-वन-बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत परत मागता येतात, त्यामुळे बोर्डिंग पास फेकू नयेत.

अमेरिकी पासपोर्ट असेल आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड) नसेल, तर ऑफिसच्या कामाला टुरिस्ट व्हिसा चालत नाही, बिझनेस व्हिसा लागतो. ओसीआय असेल आणि दरम्यान पासपोर्ट बदलला असेल, तर नवा पासपोर्ट ओसीआयच्या पोर्टलवर चढवलाय ना ते बघा.

आता ओटीपी. बँक, आधार, यूपीआय, सगळं भारतातल्या एका मोबाइल नंबरवर टांगलेलं असतं. नव्वद दिवस न वापरलेलं प्रीपेड सिम बंद पडू शकतं, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी रिचार्ज करून एक एसएमएस येतो का ते बघावं. दुसरी अडचण नव्या फोनची: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि पुढच्या बऱ्याच मॉडेलांना सिमची खाचच नाही. ई-सिम करून घ्यायला आधी जुनं सिम चालू स्थितीत लागतं. ट्रे असलेला जुना फोन सोबत ठेवला की हा गुंता पाच मिनिटांत सुटतो.

खासगी कामांपैकी एकच धरावं, दोन धरली की दोन्ही अर्धी राहतात. फ्लॅटचं मुखत्यारपत्र असेल तर मसुदा वकिलाकडून आधीच तयार ठेवून दुय्यम निबंधकाकडे एक सकाळ काढावी. ओळखपत्रासह दोन साक्षीदार लागतात. हेच अमेरिकेत सही करून पाठवलं तर वकिलातीची साक्षांकित मोहोर किंवा अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र), आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक. बँकेचं काम शनिवारवर ढकलणार असाल तर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद असतात.

हायकिंग करणाऱ्यांनी सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइल नेटवर्क नसताना उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) बॅगेतून काढून ठेवावा. परवानगीशिवाय तो भारतात चालत नाही आणि गोव्याच्या विमानतळावर लोक त्यापायी अडकलेले आहेत.

परतीच्या बॅगेचं नियोजन आईवर सोडू नये. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला चेक-इन बॅगेत टाका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीलिटरवर पावडर नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, तेल असल्याने त्या ज्वालाग्राही मालात मोडतात. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर किंवा विचारल्यावर सांगून टाका. सांगितलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड बसतो. आणि दुबई-अबुधाबीमार्गे जाणार असाल तर अनारसे घरीच खा. त्यांना लावलेल्या खसखशीवर अमिरातीत बंदी आहे.